परदेशात मुलांचा सरकारी भत्ता: बेळगाव, खानापूर, निपाणीहून जाणाऱ्या आईवडिलांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर हात बसलेला कारागीर जर्मनीला जातो, निपाणीची नर्स इंग्लंड किंवा आयर्लंडला, खानापूरचा इंजिनिअर कॅनडाला. व्हिसा, तिकीट, भाड्याचं घर, शाळेचा प्रवेश यांच्या धांदलीत एक गोष्ट हमखास मागं पडते. यातल्या काही देशांत सरकार मूल वाढवायला दरमहा आईवडिलांच्या खात्यात पैसे टाकतं, पण ते आपणहून कुणी आणून देत नाही. अर्ज करावा लागतो, आणि उशीर झाला की काही ठिकाणी मागचे महिने कायमचे बुडतात.

अर्ज अडण्याचं कारण तिथल्या कायद्यात क्वचित सापडतं. बहुतेक वेळा ते आपल्या जन्मदाखल्यातल्या एका अक्षरात असतं. म्हणून या लेखात इथल्या कागदांना जास्त जागा दिली आहे. त्यानंतर कॅनडाची पद्धत सविस्तर आणि जर्मनीची थोडक्यात दिली आहे.

आधी बघा, तुमचा हक्क आहे का

इंग्लंडला निघालेल्यांनी हे पहिल्यांदा वाचावं. स्किल्ड वर्कर किंवा हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर 'नो रीकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, अशी अट असते. तिथला मुलांचा भत्ता, म्हणजे चाइल्ड बेनिफिट, या 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडतो. नवराबायको दोघांच्याही व्हिसावर ही अट असेल, तर अर्ज करायचा नाही. मैत्रिणीला मिळतो, सोबतच्या नर्सला मिळतो, असं ऐकून केलेला अर्ज व्हिसाची अट मोडल्यात जमा होतो आणि पुढं कायमच्या वास्तव्याच्या वेळी तो आडवा येतो. मूल इंग्लंडमध्ये जन्मलं तरी यात फरक पडत नाही. कायमचं वास्तव्य मिळालं की मग हक्क येतो. सरकारी शाळा आणि एनएचएसचा दवाखाना या अटीत येत नाहीत. त्या सेवा घ्यायला घाबरायचं कारण नाही.

आखातात नोकरीला जाणाऱ्या परदेशी माणसाला सरकारकडून असा भत्ता नाही. शाळेच्या फीचा काही वाटा कंपनीनं दिला, तर तो करारपत्रात लिहून घ्यावा.

कॅनडात आणि जर्मनीत मात्र परमिटवर गेलेल्या भारतीय कुटुंबालाही, अटी पूर्ण झाल्या की, भत्ता मिळतो. दोन्हीकडं एक अट सारखी आहे: मूल तुमच्याबरोबर त्या देशात राहत असलं पाहिजे. तुम्ही टोरांटोत किंवा स्टुटगार्टमध्ये आणि मूल आजीआजोबांकडं शहापूरला किंवा नंदगडला, अशी स्थिती असेल तर भत्ता नाही. पैसे तिथून पाठवता, खर्च तुम्हीच करता, हे सांगून उपयोग होत नाही.

निघण्याआधी: जन्मदाखला नीट करून घ्या

सीमाभागातल्या कुटुंबांची अडचण इतरांहून वेगळी आहे, आणि तिचं मूळ आपल्या एका रीतीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर निपाणीचं, माहेर गडहिंग्लजचं. अथणीची बाई मिरजेच्या दवाखान्यात दाखल होते. जन्माची नोंद मूल जिथं जन्मलं तिथंच होते, आईवडील कुठं राहतात त्यावर नाही. त्यामुळं एकाच घरात थोरल्याचा दाखला महाराष्ट्राचा, मराठी आणि इंग्रजीतला. धाकटीचा कर्नाटकाचा, कन्नड आणि इंग्रजीतला. दाखला दुरुस्त करायचा असो की नवी प्रत काढायची असो, जिथं नोंद झाली त्याच निबंधकाकडं जावं लागतं. कोल्हापूरला झालेली नोंद बेळगाव महापालिकेत कितीही फेऱ्या मारल्या तरी दुरुस्त होणार नाही.

दाखला हातात घेऊन पुढच्या गोष्टी एकेक करून पासपोर्टाशी ताडून बघा.

मुलाचं नाव दाखल्यात आहे का? बारशाच्या आधी काढलेल्या कित्येक दाखल्यांत नावाची जागा कोरी असते. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांत नाव फुकट चढवता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत चढवता येतं. कोऱ्या नावाचा दाखला परदेशात चालत नाही.

आईचं नाव कुठलं लागलं आहे? ही सगळ्यात मोठी गोम आहे. लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. बाळंतपण माहेरी असलं की दवाखान्याच्या वहीत माहेरचं नाव आणि आडनाव जातं. सरकारी आरोग्य केंद्रात गरोदरपणी काढलेल्या तायी कार्डावर जे नाव असेल, तेच पुष्कळदा जन्मनोंदीत उतरतं. पासपोर्ट मात्र सासरच्या नावानं निघालेला असतो. मग परदेशातला कारकून विचारतो, दाखल्यातली आई आणि अर्ज करणारी बाई एकच कशावरून?

इंग्रजी स्पेलिंग बघा. नाव मराठी, नोंद कन्नड लिपीत, आणि तिथून ते इंग्रजीत गेलेलं. अशा वळणावर अक्षरं बदलतात. 'ज्ञानेश्वरी' हे नाव घ्या. मराठी माणूस ते इंग्रजीत डी-एन-वाय-ए असं सुरू करतो. कन्नड वळणानं लिहिणारा जे-एन-ए असं सुरू करतो, आणि हिंदी वळणाचा जी-वाय-ए. पोरगी एक, कागदावर तिघी. चौगुलेमधला 'औ' कुठं ओ-यू तर कुठं ए-यू. कांबळे या आडनावाची स्पेलिंगं तर एकाच घरात तीन सापडतात. शाळेच्या कागदात आडनाव आधी आणि पुढं नुसती दोन आद्याक्षरं, ही कर्नाटकातली पद्धत. पासपोर्टात वडिलांचं नाव मधे पूर्ण लिहिलेलं.

गावाचं नावही बघा. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झालं. जुन्या पासपोर्टात जन्मस्थळ इंग्रजीत 'बेलगाम' असं असतं, नव्या दाखल्यावर 'बेळगावी'. परदेशी कार्यालयाला ही दोन गावं वाटतात. ही चूक नाही, त्यामुळं दुरुस्तीच्या मागं लागू नका. अर्जात जन्मदाखल्यावरचं नाव लिहा आणि सोबत दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा, की हे एकाच शहराचं जुनं आणि नवं नाव आहे.

दुरुस्ती करायचीच असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाकडं अर्ज होतो. स्पेलिंगसारखी लेखनातली चूक तुलनेनं सोपी. आईचं नावच वेगळं असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लग्नाचा दाखला, आधार, पासपोर्ट यांच्या प्रती बरोबर न्या. याला आठवड्यांचा वेळ लागतो, म्हणून व्हिसाची तारीख मिळाल्यावर नाही, पासपोर्ट काढतानाच हे उरका. वेळ उरला नसेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सोबत ठेवा. ते दुरुस्तीची जागा घेत नाही, पण अर्ज परत येण्यापासून पुष्कळदा वाचवतं.

हातानं लिहिलेला जुना कन्नड दाखला असेल, तर भाषांतराच्या आधी संगणकीय प्रत मिळते का विचारा. कर्नाटकात आता जन्मनोंद 'ई-जन्म' या प्रणालीत होते आणि त्या दाखल्यावर कन्नडबरोबर इंग्रजीही असतं. म्हणजे भाषांतराचा खर्चच वाचतो. नोंदणी क्रमांक आणि तारीख माहीत असेल तर शोध लवकर लागतो. जुन्या दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

लग्नाच्या नोंदणीचा दाखलाही काढा. पंचवीस वर्षांपूर्वी देवळात लग्न झालं आणि नोंदणी राहूनच गेली, अशी घरं गावोगाव आहेत.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्याबद्दल, एवढंच: कॅनडाच्या भत्त्याच्या अर्जाला ते लागत नाही. 'कॅनडाला जायचं म्हणजे सगळ्या कागदांवर शिक्का हवाच' असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. जर्मनीसाठी व्हिसाच्या यादीत मागितलं असेल तरच करा. आणि करायचं ठरलं, तर आधीची राज्यपातळीवरची तपासणी दाखला देणाऱ्या राज्यातच होते. कोल्हापूरचा दाखला बेंगळुरूला पाठवला तर तो तसाच परत येतो.

कॅनडा: कुणाला आणि केव्हापासून

तिथल्या भत्त्याचं नाव कॅनडा चाइल्ड बेनिफिट, तोंडी 'सीसीबी'. तो कर खातं, म्हणजे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी, देतं. इथून पुढं त्याला 'सीआरए' म्हणू. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत तो मिळतो, आणि त्यावर कर लागत नाही.

कायमचं वास्तव्य म्हणजे पीआर घेऊन गेलात, तर पोचल्याबरोबर अर्ज करा. वर्क किंवा स्टडी परमिटवर असाल, तर सलग १८ महिने कॅनडाचे रहिवासी असणं आणि १९व्या महिन्यात चालू परमिट असणं, या दोन्ही अटी लागतात. समजा १० ऑगस्ट २०२४ ला उतरलात. १८ महिने भरतात १० फेब्रुवारी २०२६ ला. त्याआधी केलेला अर्ज नामंजूर होतो, त्यानंतरचा चालतो. मधे दोन-तीन आठवडे लग्नाला किंवा गणपतीला गावी येऊन गेलात तर १८ महिने मोडत नाहीत, कारण तुमचं घर, नोकरी, बँक सगळं तिथंच असतं.

या नियमातली एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. १८ महिन्यांची अट नवराबायकोपैकी एकानं पूर्ण केली तरी पुरते. आपल्याकडं बहुधा नवरा पुढं जातो, जम बसला की बायकोमुलांना बोलावतो. त्याचे १८ महिने झाले असतील, तर बायको उतरल्यावर तिला आणखी दीड वर्ष थांबायची गरज नाही. ती कॅनडात राहायला आली आणि मूल तिच्याजवळ आहे, एवढ्यावर लगेच अर्ज करता येतो. हे न कळल्यामुळं कुटुंबं हजारो डॉलर सोडून देतात.

अर्जाची पायरी

पहिलं काम एसआयएन, म्हणजे नोकरी आणि करासाठीचा तिथला सरकारी ओळख क्रमांक. तो सर्व्हिस कॅनडातून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. भत्त्यासाठी मुलाचा एसआयएन लागत नाही. दुसरं काम बँक खातं, आणि ते अर्ज करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर किंवा तिच्यासह जोडखातं असावं. फक्त नवऱ्याच्या नावाचं खातं देऊ नका.

अर्ज आईनं करायचा. आईवडील दोघंही घरात असतील तर मुलाची मुख्य काळजी आई घेते असं सीआरए धरून चालतं. वडिलांनी अर्ज केला, तर तेच मुख्य काळजी घेतात असं आईच्या सहीचं पत्र लागतं. आपल्याकडं सगळे सरकारी कागद पुरुषानं करायची सवय असते, आणि इथं तीच सवय महिनाभराचा उशीर करते. दोघांनी वेगवेगळे अर्जही करू नयेत.

फॉर्म दोन आहेत. मुख्य अर्ज आरसी ६६. त्यात दोघांचे एसआयएन, पत्ता, लग्नाची स्थिती आणि तारीख, दोघांचं नागरिकत्व, प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि मूल तुमच्याकडं कधीपासून आहे, हे भरायचं. नावं पासपोर्टावर आहेत तशीच, अक्षर न अक्षर. मूल भारतात जन्मलं असल्यानं जन्मदाखल्याची प्रत जोडावी लागते. मूळ दाखला कधीही टपालात टाकू नका. शेवटी दोघांची सही. नवऱ्याची सही राहिली म्हणून परत आलेले अर्ज कमी नाहीत.

दुसरा फॉर्म आरसी ६६ एससीएच. नवीन आलेल्यांनी आणि परमिटवर असलेल्यांनी तो जोडायचाच. त्यात कॅनडात आल्याची तारीख, परमिटाचा तपशील आणि येण्याआधीचं उत्पन्न विचारतात. आलेल्या वर्षातलं येण्याच्या दिवसापर्यंतचं, त्याच्या आधीच्या वर्षाचं आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचं, दोघांचंही, कॅनडियन डॉलरमध्ये. एवढ्या मागं जायचं कारण असं की भत्त्याचं वर्ष जुलै ते जून असतं आणि ते मागच्या कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नावर ठरतं. मार्च २०२६ ला आलेल्या कुटुंबाचा जूनपर्यंतचा भत्ता २०२४ च्या उत्पन्नावर, आणि जुलै २०२६ पासूनचा २०२५ च्या उत्पन्नावर.

उत्पन्न शून्य असेल तर शून्य लिहा. जागा कोरी सोडली की माहिती अपुरी म्हणून पत्र येतं, आणि त्यात दोन महिने जातात.

पहिल्या वर्षी सीआरएचं ऑनलाइन खातं अजून उघडलेलं नसतं, म्हणून अर्ज बहुतेकांना टपालानंच करावा लागतो. कुठल्या प्रांतानं कुठल्या कर केंद्राला पाठवायचा, ते फॉर्मवरच छापलेलं असतं. निर्णयाला साधारण ११ आठवडे लागतात. सगळ्या पानांची प्रत घरी ठेवा, टपालाची पोच घ्या.

उसाचं आणि घरभाड्याचं उत्पन्न

हा भाग निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागच्या घरांनी दोनदा वाचावा. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळं ते सांगायचं नसतं, अशी ठाम समजूत आहे. कॅनडाचा रहिवासी झालेल्या माणसाला मात्र जगभरातलं सगळं उत्पन्न सांगावं लागतं. कारखान्याला घातलेल्या उसाचं बिल, तंबाखूचे पैसे, टिळकवाडीतल्या घराचं भाडं, पीपीएफचं व्याज, एनआरई खात्याचं व्याज, सगळं त्यात धरायचं. भारतात करमुक्त आहे म्हणून तिथंही करमुक्त, असं होत नाही. शेतीच्या बाबतीत खत, बियाणं, मजुरी, पाणीपट्टी वजा करून उरलेला नफा धरतात. म्हणून पावत्या ठेवा. जमीन वडिलांच्या नावावर असेल, पहाणी उताऱ्यावर त्यांचंच नाव असेल आणि बिल त्यांच्याच खात्यात जात असेल, तर ते तुमचं उत्पन्न नाही.

आकडे घालून बघू. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी ६ वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वर्षांच्या मुलाला ६,७४८ डॉलर वर्षाला मिळतात. दोघांचं मिळून निव्वळ उत्पन्न ३७,४८७ डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम. त्यापुढं ८१,२२२ डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर एक मूल असेल तर ७ टक्के, दोन असतील तर १३.५ टक्के दरानं भत्ता कमी होतो. त्याच्याही पुढं घटीचा दर बराच उतरतो. दरवर्षी जुलैत हे आकडे महागाईप्रमाणं बदलतात.

४ आणि ९ वर्षांची दोन मुलं, दोघांचं निव्वळ उत्पन्न ६०,००० डॉलर. जास्तीत जास्त रक्कम १४,७४५. मर्यादेच्या वरचं उत्पन्न २२,५१३, त्याचे १३.५ टक्के म्हणजे ३,०३९. उरले ११,७०६ डॉलर, महिन्याला सुमारे ९७५.

आता याच घराला गावाकडून उसाचे निव्वळ ३ लाख रुपये येतात असं धरा. डॉलरला ६० रुपये धरले तर ५,००० डॉलर. भत्ता कमी होतो ६७५ डॉलर वर्षाला, म्हणजे महिन्याला ५६. हे ५६ डॉलर वाचवण्यासाठी उत्पन्न दडवलं आणि पुढं उघडकीला आलं, तर मागच्या वर्षांची वसुली, कर, व्याज आणि दंड एकदम अंगावर येतो. ते करू नका.

नव्यानं गेलेल्यांना पहिल्या वर्षी मात्र रुपयातल्या उत्पन्नाचा फायदाच होतो. भारतात दोघांचं मिळून १८ लाख रुपये उत्पन्न होतं, तरी ते ३०,००० डॉलरच्या आसपास भरतं. ते मर्यादेच्या खाली आहे, म्हणजे पूर्ण भत्ता. म्हणूनच पहिल्या वर्षीचा अर्ज टाळणं सगळ्यात महाग पडतं.

मंजूर झाल्यावर काय बिघडतं

पैसे दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमाराला येतात. ते थांबण्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, करविवरण. दोघांनीही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत ते भरायचं, घरी बसलेल्या जोडीदारानंही, उत्पन्न शून्य असलं तरी. एकानं भरलं आणि दुसऱ्याचं राहिलं की जुलैपासून पैसे बंद होतात.

दुसरं, परमिट. सीआरएच्या नोंदीतली परमिटाची तारीख संपली की भत्ता आपोआप थांबतो, कारण इमिग्रेशन खात्यानं परमिट वाढवल्याचं सीआरएला तुम्ही कळवल्याशिवाय कळत नाही. वाढवायचा अर्ज मुदतीच्या आत टाका, त्याची पोच जपा, आणि नवं परमिट हातात पडलं की त्याच आठवड्यात प्रत सीआरएला पाठवा. पीआर मिळाल्यावरही कळवा.

तिसरं, पत्ता. घर बदललं, टपाल जुन्या पत्त्यावर गेलं, उत्तर गेलं नाही, भत्ता बंद. सीआरए अधूनमधून पडताळणीचं पत्र पाठवतं, त्यात संशय असतोच असं नाही. घरभाड्याचा करार, शाळेचं पत्र आणि डॉक्टरांचं पत्र एवढ्यावर उत्तर देता येतं. शाळेच्या पत्रात मुलाचं नाव, पत्ता, आईचं नाव आणि कधीपासून शिकतं आहे हे चारही हवं. नुसतं 'हा आमचा विद्यार्थी आहे' एवढं पुरत नाही.

उशीर झाला असेल तरी अर्ज करा. कॅनडात १० वर्षांपर्यंत मागचा भत्ता मागता येतो. मूल तुमच्याकडं येऊन ११ महिन्यांहून जास्त झाले असतील, तर त्या सगळ्या काळाचे पुरावे जोडावे लागतात: परमिट, भाडेकरार, शाळेची आणि दवाखान्याची कागदपत्रं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल करा.

ओंटारियो, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतांचा स्वतःचा भत्ता याच अर्जातून ठरतो, वेगळं काही करावं लागत नाही. क्युबेकमध्ये मात्र तिथल्या रेत्रेत क्युबेक या संस्थेकडं स्वतंत्र अर्ज करायचा.

जर्मनी: सहा महिन्यांची मुदत

जर्मनीत भत्त्याला किंडरगेल्ड म्हणतात आणि तो फामिलिएनकासे हे सरकारी कार्यालय देतं. जानेवारी २०२६ पासून प्रत्येक मुलाला महिन्याला २५९ युरो. उत्पन्न कितीही असो, रक्कम तीच. १८ महिने थांबायचं नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचं वास्तव्य परमिट) असेल, किंवा किमान ६ महिने नोकरीची मुभा देणारं वास्तव्य परमिट असेल, तर मूल तिथं राहायला आल्यापासून हक्क सुरू होतो. महिन्यातला एक दिवसही अटीत बसला तरी पूर्ण महिन्याचे पैसे मिळतात. शिक्षणाच्या परमिटवर मात्र तुम्ही काम करत असाल तरच.

पण मागचे पैसे फक्त ६ महिन्यांचे मिळतात. मूल जानेवारी २०२६ मध्ये पोचलं आणि अर्ज नोव्हेंबरमध्ये केला, तर मेपासूनचे मिळतील. जानेवारी ते एप्रिलचे १,०३६ युरो गेले, ते परत येत नाहीत.

क्रम असा. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पूर्ण कुटुंबाची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग. त्यानंतर काही आठवड्यांत प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, कर ओळख क्रमांक टपालानं येतो. अर्जात आई किंवा वडिलांचा आणि मुलाचा, दोन्ही क्रमांक लागतात. तिथला पोस्टमन टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. आपल्याकडं बापलेकांची आडनावं पासपोर्टात कधी वेगळी पडतात, कधी बायकोच्या पासपोर्टात आडनावाची जागाच कोरी असते. पासपोर्टावर जी जी नावं आहेत, ती सगळी पेटीवर चिकटवा. हे काम पाच मिनिटांचं, पण यावरून महिने वाया जातात.

मग मुख्य अर्ज केजी १, आणि प्रत्येक मुलासाठी 'आनलागे किंड' हे वेगळं पान. ऑनलाइन भरून, छापून, सही करून पाठवता येतं. पैसे कुणाच्या खात्यात हवेत ते दोघांनी ठरवायचं आणि दुसऱ्यानं संमतीची सही करायची. कर क्रमांक यायला उशीर होत असेल आणि ६ महिन्यांची मुदत जवळ आली असेल, तर अर्ज आधी टाका, क्रमांक मागाहून पाठवा. नामंजुरीचं पत्र आलं तर एका महिन्याच्या आत लेखी हरकत घ्यावी लागते. ते पत्र जर्मनमध्ये असतं, म्हणून पाकीट न उघडता ठेवू नका.

मूल तिथंच जन्माला आलं, तर एल्टर्नगेल्ड हा वेगळा भत्ता आहे, वेगळ्या कार्यालयाकडं, आणि त्याचे मागचे पैसे फक्त ३ महिन्यांचे मिळतात.

मूल गावी पाठवायचं ठरलं तर

दोघंही नोकरीला, पाळणाघर परवडत नाही, म्हणून मुलाला वर्षभर आजीकडं ठेवू, असा विचार पुष्कळ घरांत होतो. त्यात गैर काही नाही. पण मूल ज्या दिवसापासून तुमच्याबरोबर राहत नाही, त्या काळाचा भत्ता तुमचा नाही. मे महिन्याची सुट्टी गावी काढणं वेगळं, आणि बेळगावच्या शाळेत नाव घालून वर्षभर ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कार्यालयाला आधी कळवा. न कळवता घेतलेले पैसे परत मागतात. कॅनडात ते पुढच्या भत्त्यातून आणि कराच्या परताव्यातून कापून घेतात, जर्मनीत न कळवल्याबद्दल दंडही होऊ शकतो. मूल परत आल्यावर भत्ता पुन्हा सुरू करता येतो, त्यासाठी विमानाचं तिकीट, बोर्डिंग पास आणि पासपोर्टावरच्या शिक्क्याची प्रत ठेवा.

कायमचं परत येताना जर्मनीत नगर कार्यालयातून नाव कमी करून घ्या आणि फामिलिएनकासेला वेगळं कळवा. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं, असं धरू नका. कॅनडात निघण्याची तारीख सीआरएला कळवा, आणि बँक खातं शेवटचा हिशेब पुरा होईपर्यंत बंद करू नका.